साहेबाने कोरलेले डोळे

माझ्या वडिलांचा एकही धड फोटो नाही. आहे तो एका लग्नातला, आणि त्यात नेमका कुणा पाहुण्याचा फेटा त्यांच्या तोंडासमोर आलाय. मी पाच वर्षांचा असताना जुन्नरजवळच्या आणे पठारावर मेंढरं चारताना ते साप चावून गेले. त्यांचा चेहरा मला आठवत नाही. चित्रकलेचा मास्तर असून बापाचं तोंड काढता येत नाही, याची मला लाज वाटायची.

शाळा जुन्नरला, पण रद्दीच्या दुकानांचा नाद पुण्याचा. तिथेच मला जुन्या इंग्रजी पुस्तकातून सुटलेलं एक पान सापडलं. त्यावर दख्खनच्या मेंढपाळाचं कोरीव चित्र होतं, दीडशे वर्षांपूर्वीचं तरी असेल. इथे कुणी साहेब पेन्सिलीने कच्चं चित्र काढायचा आणि विलायतेत बसलेला दुसराच कारागीर ते छापण्यासाठी पोलादी पत्र्यावर कोरायचा. त्याने दख्खन जन्मात पाहिलेलं नसायचं. गिऱ्हाइकाला पूर्वेकडचा माणूस जसा हवा, तसा तो घडवायचा. या मेंढपाळाच्या घोंगडीची त्याने भरजरी शाल केली होती, कमरेला कट्यार खोचली होती आणि मागे ताडाची झाडं उभी केली होती. डोळे तर काजळ घातल्यासारखे मोठे, पेंगुळलेले. असल्या डोळ्यांनी मेंढरं राखली असती तर लांडग्यांची दिवाळीच झाली असती. गंमत म्हणून मी ते पान आईला दाखवलं.

आई हसली नाही. बराच वेळ बघून म्हणाली, "नाक ह्यांचंच हाय रं. मला येवडं मोठं करून दे. पित्राचं पान दरसाल नुसत्या भिंतीपुढं ठिवते मी."

मला नाही म्हणवलं नाही. कट्यार, ताड काढून टाकले, शालीची पुन्हा घोंगडी केली, पागोटं आपल्याकडचं घातलं. डोळे तेवढे तसेच ठेवले, कारण त्यांच्या जागी कुठले काढायचे ते मला माहीत नव्हतं आणि आईला विचारायचं सुचलं नाही. तसबीर भिंतीवर लागली. आई रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहू लागली.

दोन वर्षांनी पित्राला थोरले चुलते जेवायला आले. तसबिरीकडे बघत म्हणाले, "ह्यो कोण? माझ्या भावाचं डोळं लई बारीक व्हतं. उन्हात बघून बघून मिटल्यागत झालं व्हतं."

मला एकदम आशा वाटली. त्यांना समोर बसवून मी विचारत गेलो, खोडत गेलो. संध्याकाळपर्यंत कागदावर एक माणूस आला. बारीक डोळ्यांचा, उन्हाने रापलेला. चुलत्यांनी बायका पदर लावतात तसं उपरणं तोंडाला लावलं. "ह्योच," म्हणाले.

मी जुनी तसबीर उतरवून ते चित्र लावलं आणि आईला हाक मारली. तिने पाहिलं. तोंडावर ओळखीचं काहीच उमटलं नाही.

"ह्यो कोण पावणा आणलास?" ती म्हणाली. "ह्यांचं डोळं कसं मोठं व्हतं. त्यास्नी लाव परत."

मी जुनी तसबीर परत लावली. इतकी वर्षं तिने जपलेला चेहरा मी दोन वर्षांत पुसून टाकला होता, आणि तिला ते कळलंही नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चुलते गेल्या वर्षी गेले. माझ्या वडिलांचे डोळे बारीक होते हे आता फक्त मला माहीत आहे, आणि तेही ऐकून.