राबाचा डोंगर

साठच्या दशकात मी मावळात फिरायचे, तेव्हा माझ्या विषयाला धड नावही नव्हतं. पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचं आणि सुटी लागली की लोणावळ्याला भाड्याच्या खोलीत येऊन राहायचं, असा माझा क्रम. जंगल, गवत, झरे यांच्यावर माणसाचा संसार किती चालतो, हे मला मांडायचं होतं. सहकारी म्हणायचे, "बाई पालापाचोळ्याचं अर्थशास्त्र करतात." म्हणोत बापडे. त्यांच्या हसण्याचं मला काही नव्हतं. पण एकानेही कधी पुढचा प्रश्न विचारला नाही, त्याचा राग यायचा. प्रश्न विचारायची ती घरमालकीण, "यजमान कधी येणार?" यजमान नव्हतेच. संध्याकाळी खोलीत शिरले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. फार एकटं वाटायचं.

त्या सुमारास एका खोऱ्यात धरण व्हायचं ठरलं. पाण्याखाली वाड्या आणि भाताची खाचरं जाणार होती, आणि त्यांच्यामागचा डोंगरउतारही. खाचरांची भरपाई मिळणार होती. डोंगर मात्र सरकारदरबारी पडीक. आता या पडीकावरच सगळं भात उभं होतं. उन्हाळ्यात डोंगरावरच्या टहाळ्या, पाला, गवत आणून रोपं करायच्या जागी पसरायचं, त्यावर शेण-माती टाकून जाळायचं. याला राब भाजणं म्हणतात. राब नाही तर रोप नाही. डोंगर भरपाईत धरला गेला असता, तर वाड्या उठवून जिथे वसवणार होते त्या नव्या गावाला झाडोऱ्याची जमीन मागता आली असती. त्यासाठी मी उन्हात तंगड्या तोडत वाडीवाडीला हिंडले.

त्या हिंडण्यात एक मावशी भेटली. तिच्या ओट्यावर मी तासन्‌तास बसायचे. ती काही विचारायची नाही. कोरा चहा पुढ्यात ठेवायची आणि आपलं काम करत राहायची. उशीर झाला तर म्हणायची, "आज ऱ्हावा की हितंच, बाई." अख्ख्या मावळात मला हक्काचं असं तेवढंच एक माणूस होतं.

चावडीत भरपाईची सुनावणी लागली तेव्हा साक्षीला मी तिलाच नेलं. काय बोलायचं ते मुद्दामच शिकवलं नाही. पढवलेली साक्षीदार मला नको होती.

सुनावणी घ्यायला आलेले साहेब तसे भले गृहस्थ होते. त्यांनी सरळ विचारलं, "मावशी, तो डोंगर गेला तर तुमचं नुकसान काय? त्याचं काय द्यावं सरकारनं?"

मावशीने डोक्यावरचा पदर नीट केला. "डोंगराचं काय घ्याचं, सायेब? त्यो देवाचा. आमी पयली मोळी त्याच्या दगडापाशी ठिवतो अन् मगच घरला नेतो. त्याचा भाव तोंडातनं काढू न्हाई. आमाला कायबी नको त्याचं."

मागे बसलेल्या बाप्यांनी माना डोलावल्या. पहिली मोळी दगडापाशी ठेवताना मी तिला कितीदा पाहिलं होतं! साहेबांनी लिहून घेतलं, डोंगराबद्दल मागणी नाही. मी उठून बोलले, तावातावाने बोलले. साहेब म्हणाले, "बाई, त्यांनाच नकोय, तर तुम्ही कशाला भांडता?"

चावडीबाहेर ती माझी वाट बघत उभी होती. तोंडावर नुसतं तेज. साहेबापुढे उभं राहायची तिची पहिलीच वेळ.

"बाई, मी नीट बोलले ना? तुमाला खाली बघाया लावलं न्हाई न्हवं?"

राब कुठून आणाल मावशी त्या नव्या गावात, हे अगदी ओठावर आलं होतं.

"नीट बोललात," मी म्हटलं. "अगदी नीट."

ती खुशीत वाडीच्या वाटेला लागली. मी स्टेशनकडे निघाले. जे झालं ते कुणाजवळ तरी बोलावं म्हणून जीव नुसता तडफडत होता, आणि बोलता येईल असं माणूस मला एकच होतं.