अकरापैकी दहा

आमच्या डहाणूच्या कॉलेजची फुटबॉल टीम दरवर्षी दोनदा निवडली जायची. एकदा सर निवडायचे आणि त्याआधी जूनभर गेटसमोरच्या वडापावच्या गाडीवर आम्ही निवडायचो. सरांची टीम नोटिस बोर्डावर लागायची. आमची टीम माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर असायची. मैदानात उतरायची ती तिसरीच.

सर केमिस्ट्री शिकवायचे. क्रीडा विभाग त्यांच्याकडे आला, कारण स्टाफरूममध्ये स्पोर्ट्स शूज फक्त त्यांच्याकडे होते. तेही डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं म्हणून घेतलेले. फुटबॉलबद्दल त्यांचं एकच तत्त्व होतं आणि ते दर सामन्याआधी आम्हाला ऐकवायचे: जिंकलेली टीम बदलायची नाही. आम्ही जिंकतच नसल्यामुळे या तत्त्वाला तसा काही धोका नव्हता.

मी गोलकीपर होतो, म्हणजे कागदावर. पहिली दोन वर्षं मी राखीव गोलकीपर म्हणून काढली. राखीव गोलकीपरचं काम पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि खऱ्या गोलकीपरला काही होऊ नये अशी सगळ्यांदेखत इच्छा व्यक्त करायची. मनातली इच्छा वेगळी असते, पण ती बोलायची पद्धत नाही. आमचा खरा गोलकीपर माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे होता. दोन वर्षांत त्या माणसाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. तो वेळेवर पास होऊन बाहेर पडावा याची काळजी त्याच्या आईपेक्षा मला जास्त होती. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या वर्गातल्या मुलींकडून नोट्स मागून त्याच्या घरी पोचवणारा मीच.

मला फार काही नको होतं. तीन वर्षांत एकदा, एका खऱ्या सामन्यात, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत गोलमध्ये उभं राहायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण वहीत केलेल्या प्रत्येक यादीत गोलसमोर माझंच नाव असायचं. गाडीवरची मंडळी ते बघून पोट धरून हसायची.

पहिल्या वर्षी आम्ही टीमचं भाकीत खेळावरून करत होतो. कोणाचा डावा पाय चांगला, कोणाला हेडर जमतो, कोण नुसताच पळतो. आमच्यासारख्या अडाण्यांनी जशी निवडायची तशी. सरांनीही तशीच निवड केली आणि अठरा नावं विद्यापीठाला कळवून टाकली. एकदा कळवलेली नावं बदलता येत नाहीत. मग पाऊस लांबला, लावणी मागे गेली आणि ऑगस्टमधल्या सामन्याच्या दिवशी आमचा स्ट्रायकर तलासरीला आपल्या शेतात गुडघाभर चिखलात रोपं लावत होता. त्याच्यासोबत आमचा अर्धा बचाव होता, कारण ते सगळे एकाच पाड्यावरचे. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, त्यामुळे किनाऱ्यावरची पोरं खलाशी म्हणून बोटींवर गेली. चिकूच्या वाडीवर कुणी, फुग्यांच्या कारखान्यात कुणी. अठरापैकी आले सात.

सात जण असले तर सामना सुरू करता येतो. हा नियम कुणीतरी आमच्या तालुक्याकडे बघूनच केलेला असावा. त्या दिवशी मीसुद्धा खेळलो. सरांनी मला राइट विंगला उभं केलं, गोलपासून जमेल तितकं लांब. आम्ही किती गोल खाल्ले ते मी सांगणार नाही, सरांनी तर ते मोजायचंच सोडून दिलं होतं.

परत येताना टेम्पोत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे टीमचं भाकीत करायचं तर खेळ बघून चालत नाही, घर बघावं लागतं. डावा पाय गेला खड्ड्यात. शेत किती, भाताच्या रोपांसाठी राब टाकला का, लावणीला घरात हात किती, बोटीवर खलाशी पुरे आहेत की एक कमी पडतो, मोठा भाऊ कामाला लागला का, बहिणीचं लग्न झालं का. हे ज्याला माहीत त्याला टीम माहीत.

दुसऱ्या वर्षी मी त्याच पद्धतीने यादी केली आणि अकरापैकी नऊ बरोबर आले. मी एकदम मोठा माणूस झालो. वडापाववाला मला चहा देताना ‘ज्योतिषी’ म्हणायला लागला. सर वर्गात येऊन, सगळ्यांसमोर, माझ्याकडे वही मागायला लागले. केमिस्ट्रीची वही त्यांनी तोवर एकदाही मागितली नव्हती.

तिसऱ्या वर्षी खरा गोलकीपर माझ्या नोट्सच्या जोरावर पास होऊन वापीला नोकरीला लागला. आता गोल माझा. मी डहाणूच्या बाजारातून हिरवे ग्लोव्ह्ज आणले. आईने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “बर्फात हात घालायला बरं हाय हे.” आई आमच्या वरोर गावाहून रोज डहाणूला मासळी विकायला जाते. जगातली प्रत्येक वस्तू ती बर्फ, टोपली आणि पाटी यांच्याच हिशोबाने बघते, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

त्या पावसाळ्यात मी भाकिताचं काम फारच मनावर घेतलं. तलासरीच्या स्ट्रायकरला मी दर दोन दिवसांनी फोन करायचो. त्याचा भाऊ उंबरगावच्या कंपनीत लागलेला, सुट्टी मिळणार नाही, म्हणून लावणीत हात कमी. पण काकाने ट्रॅक्टर आणला, म्हणजे काम चार दिवस आधी संपणार. लिहिला. आमचा सायवनचा फुलबॅक उंच आणि शांत. त्याच्याकडे राब किती उगवला हे मी इतक्या वेळा विचारलं, की एकदा फोन त्याच्या आईने उचलला आणि अतिशय आदराने मला विचारलं, “साहेब, तुम्ही कृषी खात्यातून बोलता का?” मी हो म्हणालो. तिने लावणी कधी संपणार ते तारखेसकट सांगितलं. फुलबॅकही लिहिला. मसोलीच्या एकाचं लग्न ठरत होतं, त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांपर्यंत मी पोचलो. लग्न दिवाळीनंतर आहे याची खात्री करून घेतली आणि त्याला हाफबॅकला टाकलं.

रोज रात्री जेवताना मी हे सगळं मोठ्याने सांगायचो. कोणाच्या घरी काय, कोण मोकळा, कोण अडकलेला. बाबा जाळ्याचा विचार करत जेवायचे. आई ऐकायची. मध्येच पाय लांब करून गुडघा चोळायची आणि ऐकायची.

सामना तलासरीला होता. टेम्पो नऊ वाजता डहाणू स्टेशनजवळून निघणार होता. मी साडेसहालाच बूट, ग्लोव्ह्ज आणि वही पिशवीत घालून बाहेर पडलो. आई माझ्या आधी निघाली होती. चार दिवस वारा होता म्हणून बोटी अडकल्या होत्या, त्या दिवशी पहाटे बाबांची बोट किनाऱ्याला लागली होती. बोंबील, मांदेली, थोडी कोळंबी, दोन पाट्या भरून. बाबा परत समुद्रात गेले होते.

रिक्षाच्या नाक्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला, आई बसलेली दिसली. पाट्या शेजारी ठेवलेल्या. एक पाय सरळ केलेला. मला बघून तिने लुगडं गुडघ्यावर ओढलं.

“काय झालं?”

“काय नाय. जरा बसलीय. तू जा, तुझी टीम खोलंबंल.”

“गुडघा कधीपासून सुजलाय?”

“सुजला नाय. असाच हाय तो.”

तो गुडघा नारळाएवढा झाला होता. मी विचारलं, काकू कुठे आहे? माझी काकू म्हणजे आईची जाऊ. रोज दोघी एकेक पाटी घेतात, बाजारात शेजारी बसतात, एक उठली तर दुसरी बघते. आई म्हणाली, “ती उंबरगावला. तिच्या पोरीचं बालंतपन नाय का. पंधरा दिस झाले.”

पंधरा दिवस. तलासरीच्या काकाचा ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा आहे ते मला माहीत होतं. आणि माझी स्वतःची काकू पंधरा दिवस घरात नाही, दोन्ही पाट्या आई एकटी नेते, हे मला रस्त्याच्या कडेला कळत होतं.

मी स्वतःला म्हणालो, पाट्या बाजारात टाकतो आणि पळतो. अजून वेळ आहे. दोन्ही पाट्या रिक्षात चढवल्या, आईला चढवलं. डहाणूला उतरवलं. बाजारात तिच्या जागेपर्यंत पाट्या नेल्या, प्लास्टिक अंथरलं, बर्फ फोडून आणला. आई बसली, पण खाली वाकून पाटीतून मासळी काढायला तिचा पाय मुडपेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा तिने तो केलाच नाही. नुसती समोर बघत बसली. तेव्हा मला कळलं, की मी जाणार नाही. कोणी मला थांब म्हणालं नव्हतं. आई तर शेवटपर्यंत जा जा म्हणत होती. मला तिचा फार राग आला होता. तिने रागावून थांबवलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी ढकलता आलं असतं.

स्टेशनजवळ जाऊन मी ग्लोव्ह्ज सायवनच्या फुलबॅकच्या हातात दिले. दुसरा गोलकीपर कुणी नव्हता, राखीव गोलकीपरचं महत्त्व माझ्याइतकं कुणाला पटलेलं नव्हतं. तो म्हणाला, “मी कधी गोलमध्ये उभा नाय रेलो.” मी म्हणालो, मीही नाही. सरांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “पण तुझ्या यादीत तर तू होतास ना रे?” विज्ञानाच्या माणसाने असे मुद्देसूद प्रश्न विचारावेत, हे बरोबरच आहे.

मग मी दुपारपर्यंत बोंबील विकले. कॉलेजच्या गल्लीतली, कॉलेजातली, सगळी गिऱ्हाइकं नेमकी त्याच दिवशी आली. आज मॅच ना तुझी? हो. मग इथे कसा? मांदेली घ्या, ताजी आहे. बाजूच्या मावशीने मला कोळंबी सोलायला शिकवलं आणि माझ्या हाताला वेग नाही असं सगळ्या ओळीला जाहीर केलं. गोलकीपरच्या हाताबद्दल याहून वाईट काही बोलता येत नाही.

अडीच वाजता फोनवर ग्रुप वाजायला लागला. आम्ही जिंकलो होतो. एक-शून्य. तलासरीच्या स्ट्रायकरने गोल मारला होता आणि सायवनच्या फुलबॅकने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली होती. हिरव्या ग्लोव्ह्जसकट त्याला सगळ्यांनी खांद्यावर उचलल्याचा फोटो आला. त्याखाली वडापाववाल्याचा निरोप: ‘वा ज्योतिषी, अकरापैकी दहा!’

मी हसलो असेन, कारण आईने विचारलं काय झालं. मी सांगितलं. जिंकलो, आणि माझे दहा बरोबर आले. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “सायवनच्या बाईची लावनी कवा संपली ते तुला मालूम. तलासरीच्या घरात किती हात ते मालूम. सगल्यांच्या आया तुज्या वहीत हायत. माझीच जागा नव्हती काय रं त्यात?”

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या सगळ्या चौकशा करणारा मुलगा आपल्या घरात का विचारत नाही, हे कोडं ती पंधरा दिवस सोडवत होती. मला भयंकर लाज वाटली. तिच्यासमोर बसून मी रोज लोकांच्या आयांची दुखणी सांगत होतो आणि ती गुडघा चोळत ऐकत होती. मी पाटीतला बर्फ उगाच इकडचा तिकडे केला.

संध्याकाळी सरांचा फोन आला. पुढचा सामना परवा होता. सर फार उत्साहात होते. एवढ्या वर्षांनी त्यांचं तत्त्व वापरायची संधी आली होती. “तू आता मोकळा असशील तर ये,” ते म्हणाले, “पण गोलमध्ये सायवनलाच ठेवू. जिंकलेली टीम…”

“बदलायची नाही,” मी म्हणालो.

डॉक्टरने आईला तीन आठवडे घरी बसायला सांगितलं होतं. काकू महिन्याने येणार होती. बोटी आता रोज लागणार होत्या. जेवण झाल्यावर मी वही उघडली आणि नवीन यादी केली. या वेळी कुणालाही फोन करावा लागला नाही. गोलसमोर सायवनच्या पोराचं नाव लिहिलं, बाकीचे दहा आज जिंकले तेच. आई बघत होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली नाही.

दोन दिवसांनी आम्ही चार-शून्य हरलो. माझं शेवटचं वर्ष तिथेच संपलं. आईच्या जागेवर बसून मी पापलेट लावत होतो तेव्हा वडापाववाल्याचा निरोप आला: ‘ज्योतिषी, मानलं तुला. आज अकराच्या अकरा!’

त्याला उत्तर द्यायला मला बराच उशीर झाला. दोन्ही हात बर्फात होते.