उपोषणाचा इशारा आणि अमेरिकेचं इंजिन

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण निवेदन कसं द्यायचं ह्यात गावात माझा हात कोणी धरत नाही.

आमची सून घरी बसून अमेरिकेच्या रेल्वेची इंजिनं बनवते. खरी नव्हेत. कॉम्प्युटरवर एक गेम आहे, त्यात तिकडची माणसं घरबसल्या आगगाडी चालवतात. गेम कंपनीचा, पण जादाची इंजिनं बाहेरचे लोक बनवतात आणि कंपनीच्याच दुकानात विकायला ठेवतात. श्रीगोंद्याच्या पुढं, उसाच्या रानात बसून, अमेरिकेच्या इंजिनाला गंज कुठं चढतो ते ही पोरगी फोटो बघून रंगवायची. आधी मी म्हणायचो, हे काय काम झालं? मग एकदा तिनं त्या इंजिनाचा भोंगा वाजवला आणि गोठ्यातल्या म्हशीनं दावं ओढलं. तेव्हापासून आलेल्या पाहुण्याला मी उठवून तिच्या खोलीत न्यायचो.

दिवाळीच्या तोंडावर कंपनीनं गेममध्ये सुधारणा केली. सुधारणा झाली आणि सूनबाईच्या नव्या इंजिनाची चाकं रुळात रुतून बसली. दोष त्यांचा, शिव्या हिला. गिऱ्हाइकं लिहायची, बनवणारीला काही येत नाही. तिनं कंपनीला कळवलं, परत कळवलं. उत्तर मशीनचं यायचं: तक्रार मिळाली.

"कुठं हाय त्यांचं ऑफिस?" मी विचारलं.

"माहीत न्हाई, मामा. असंल का न्हाई तेबी माहीत न्हाई."

"मग ठिय्या द्यायचा कुठं?"

पोरगा जेवता जेवता हसला. "दादा, आधी पासपोर्ट काढा."

मला ते लागलं. आमचा ऊस उभा वाळत होता, कारखाना तोडणीला टोळी देत नव्हता, तेव्हा ह्याच दादानं गेटवर बसून टोळी आणली होती. तेव्हा नाही हसला तो. मी सूनबाईला म्हणालो, "इनंत्या करून कोन ऐकतंय? मी सांगतो तसं लिही."

ती नको नको म्हणत होती. मी हटलो नाही. शेवटी वैतागून म्हणाली, "सांगा. माझ्या पद्धतीनं तरी काय उजेड पडला?"

मी रीतसर सांगितलं. विषय, मागणी, आणि शेवटी कुठल्याही निवेदनाला असतो तो इशारा: आठ दिवसांत दखल न घेतल्यास आमरण उपोषणास बसण्यात येईल, होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल. तिनं त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवून दिलं.

आमच्याकडं हे वाक्य वाचून साहेब काय करतो? चहा मागवतो, बसा म्हणतो, बघतो म्हणतो. त्या वाक्यानं मेलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

ह्या वेळी मात्र खऱ्या माणसानं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाईनं वाचून दाखवलं. तुमच्या जिवाची आम्हाला काळजी वाटते. मनात वाईट विचार येत असतील तर कोणाशी तरी बोला. तुम्ही बऱ्या होईपर्यंत तुमचं खातं बंद ठेवत आहोत. खातं बंद म्हणजे दुकानातून तिची सगळी इंजिनं खाली. रुतलेलं तर गेलंच, धडपणे चालणारीही गेली.

"मी मरायला टेकलीय, मामा," ती म्हणाली. "अमेरिकेला कळलं, तुमालाच कळलं न्हाई."

पोरगा म्हणाला, "दादा, आता तुमी काय बी सांगू नका."

"वाक्य बराबर हुतं. त्यांना वाचता येत न्हाई, त्याला मी काय करू?"

तिनं मशीन बंद केलं, त्यावर टॉवेल टाकला आणि भांडी घासायला गेली. ती ह्या घरात आल्यापासून त्या मशीनवर टॉवेल पडलेला मी पाहिला नव्हता. लई राग आला. कोणावर काढायचा तेच कळेना.

वाक्य बरोबरच होतं, आजही म्हणतो. पण ते तिच्या नावानं गेलं. उपाशी बसणार होतो मी, आणि कामावरून उठली ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेली टोपी घातली, सूनबाईला ओट्यावर बसवलं आणि पोराच्या हातात मोबाईल दिला. कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं, मी हिचा सासरा, उपोषण माझं होतं, ही धडधाकट आहे, हिचं खातं उघडा. मग भाकरी आणि ठेचा तिच्या हातात दिला.

"खा," म्हणालो. "त्यांना दिसू दे."

तिनं रागारागानं मोठा घास घेतला. मी पोराला म्हणालो, "जवळ जा. चावताना घे."