एका लांबलचक शब्दाचा सौदा

जुनं लेथ मशीन विकत घेताना आधी त्याला नावं ठेवायची, मग उठून चालू लागायचं. मालकाने मागून हाक मारली की सौदा जमला. याच रीतीवर मी बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड उभी केली. मुलीच्या लग्नाच्या बैठकीतही तेच केलं. त्यात माझं काय चुकलं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

होणारे व्याही जयनगरचे, पिढ्यान्‌पिढ्या या कानडी मुलखातच रुजलेल्या मराठी घरातले, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी पसंत केलेल्या कार्यालयाला मी नावं ठेवली. छत बुटकं, मधोमध खांब, स्वयंपाकघर कोंदट. मग उठलो. दारापर्यंत गेलो तरी हाक येईना. उलट प्राध्यापकांनी अदबीने माझ्या चपला सरळ करून ठेवल्या. त्यांच्या लेखी लग्न मोडलं होतं. माझ्या मुलीचे डोळे भरून आले.

निरोपादाखल ते म्हणाले, "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, शिवी मराठीत द्या, म्हणजे उत्तर देता येईल.

शिवी नाही, त्यांनी समजावलं. समोरची वस्तू कवडीमोल ठरवणं, एवढाच अर्थ. लॅटिनचे चार शब्द एकापुढे एक लावलेत: लोकरीचा पुंजका, टरफल, काहीच नाही आणि केस. चौघांचा भाव एकच, क्षुल्लक. शेपटीला 'करणे'.

मी परत आत येऊन बसलो. "लोकर आणि केस एकच की. एक काढा."

"लोकर मेंढीची असते. केस कुणाचाही."

"ग्रीक किती आहे यात?"

"अजिबात नाही."

"नुसतं लॅटिन, आणि एवढ्या ऐटीत?" मग मी सगळंच काढलं. माल जुना, सांधे ढिले, रोजच्या वापरात कुणी घेत नाही. प्राध्यापक लालबुंद झाले. कार्यालयाबद्दल ऐकून घेतलं होतं, शब्दाबद्दल घेईनात. त्यांची बायको कॉफी घेऊन आली आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

मी पुन्हा उठलो. या वेळी मागून आवाज आला.

"थांबा हो. सरी, बरं, केस सोडतो. पण कार्यालय तेच."

मी बसलो. मुलीने डोळे पुसले आणि सगळ्यांच्या हातात कॉफी दिली.

लग्न छान झालं, जावई सोन्यासारखा आहे. व्याह्यांचं मात्र सांगून ठेवतो. सणावाराला पंगतीत बसले की तो शब्द अजूनही केसासकट म्हणतात. दिलेला शब्द पाळत नाहीत.