वरण-भात नको म्हणून: लातूर ते बिलोली, आणि येताना दोन जिवंत मरळ

माझी बायको सुमन जाऊन वर्ष होत आलं, तसा तिच्या स्मृतिदिनाच्या जेवणाचा विषय निघाला. आमच्याकडे त्या दिवशी बुद्धवंदना होते, पाहुणे येतात आणि वरण-भात-बुंदी खाऊन जातात. सुमनने दवाखान्यात बजावलं होतं, "माझ्या नावानं वरण-भात घातलाव तर बघा. मरळ करा. आन् तुमच्या हातानं करा." मी हो म्हणालो. तिथे नाही कोण म्हणणार?

अडचण अशी, की मला मासा फक्त खाता येतो, तोही बिनकाट्याचा. लग्नानंतर सासुरवाडीला पहिल्याच जेवणात काटा घशात अडकला. अर्धं गाव बघायला आलं आणि त्यांच्यासमोर मी सहा केळी गिळली. तेव्हापासून सुमन काटे काढूनच वाढायची. म्हणून सासूबाईंकडे शिकायला निघालो. त्यांना मी आत्या म्हणतो. लेक गेल्यापासून त्यांनी मासा सोडला होता. नदीकाठच्या बाईने मासा सोडला, म्हणजे काय ते तिकडच्यांनाच कळेल.

लातूरहून सकाळची एसटी धरा. अहमदपूरला गाडी थांबते, तिथली भजी गरम असतील तरच घ्या. पुढे लोहा, नांदेड, आणि नांदेडला गाडी बदलून बिलोली. उन्हाळ्यात डावी-उजवी बाजू बघू नका, दोन्ही सारख्याच भाजतात. त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. गाडीत मात्र दोघे जण नवा जिल्हा कुठे होणार यावर भांडत होते. त्यांचा कलेक्टर येऊन बसला तरी बिलोली येईना.

आत्यांचं गाव बिलोलीपासून थोडं आत, गोदावरीच्या काठी. नदी आटून डोह उरले होते आणि सगळा मासा त्यांत गोळा झालेला. माणसाला प्यायला पाणी नाही आणि मरळ निम्म्या भावात! आत्यांनी दोन निवडून घेतल्या.

"कापून न्यावं का?" मी विचारलं.

"मेलेली मरळ लातूरला? मग तिथल्या बाजारातली काय वाईट हाय?" असं म्हणून त्यांनी रंगाचा रिकामा डबा काढला, झाकणाला भोकं पाडली, डोहाचं पाणी भरलं आणि स्वतःही लुगडं बदलून निघाल्या. "तुमच्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाई, जावईबापू."

परतीच्या गाडीत कंडक्टरने डब्यावर टिचकी मारली. "काय हाय?"

"मासे."

"जिवंत?"

"सध्या."

मागून एक जण म्हणाला, "मासे कशाला सांगूलाव, मामा? लातूरला पाणी चोरून न्यायलाव म्हणा की!"

सगळी गाडी हसली. आत्यांनी मागे वळून त्याला सांगितलं, "हे पाणी पिऊन बग बाबा, मंग हस."

खरी पंचाईत घरी आली. मरळ बुळबुळीत, धरायला राख लागते आणि घरात तर गॅस. मी भांड्यांची पावडर उचलली, तेव्हा आत्यांनी माझा हात धरला. शेवटी ज्वारीच्या पिठाने काम भागलं. सुरी पाठीकडून घालायची, कण्याला टेकवून शेपटीपर्यंत ओढायची आणि मांसाची पट्टी सोडवायची. माझी पहिली पट्टी कुणीतरी चावल्यासारखी दिसत होती. चौथी बरी निघाली.

"आता सात पाण्यानं धुवा," आत्या म्हणाल्या.

सात! आमच्या नळाला पाणी आलेलं मला आठवत नव्हतं, टँकर परवा येणार होता. मग एक पाणी आणि बाकी सहाच्या बदल्यात मीठ चोळायचं ठरलं. मी मनापासून चोळलं. चिंचेचा कोळ, लसूण, हळद, तिखट लावून तासभर ठेवलं, ज्वारीच्या पिठात घोळवून करडईच्या तेलात तव्यावर तळलं. एवढंच. पट्ट्या वारंवार उलटू नका, मोडतात.

वंदना झाली, पंगत बसली. "आजच्या दिवशी मासा?" चुलते म्हणाले आणि दोन तुकडे घेतले. आत्यांच्या ताटात मी न विचारता एक वाढला.

"मी सोडलंय, जावईबापू."

"माहीत आहे. पण दुसरं काही केलं नाही."

"भाकरी हाय की."

भाकरी होतीच. मी तिथेच उभा राहिलो. सुमन असती तर तिने काय केलं असतं, ते मला सुचेना. आत्यांनी तुकडा मोडला, बोटांनी चाचपला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"लई खारट झालंय."

पंगतीने एकमुखाने माना हलवल्या. इतका वेळ सगळे माझ्या भिडेने गप्प होते. धुण्यात वाचवलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी त्या दिवशी पाहुणे पिऊन गेले.

"तिच्यावाणी न्हाई," आत्या म्हणाल्या. मग ताट पुढे केलं. "वाढा आणखी एक. बगून काय राहिलाव?"

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत बसवून दिलं. घरात आठवडाभर तेलाचा वास राहिला. एकट्यासाठी मी नंतर दोनदा रोहू केला, मीठ बेतात घालून. पण सुमनची चव नेमकी कशी होती, हे ताटासमोर बसून आठवायला गेलं की हाती लागत नाही. मीठ किती घालायचं ते विचारावं म्हणून रविवारी आत्यांना फोन केला, तर शेजारणीने उचलला.

"त्या घरी न्हाईत, दाजी. सकाळीच डोहावर गेल्यात, मासा आणायला."