मेंग न्हावी आणि थोरल्याची वाटी

मेंगच्या दुकानात केस कापायला गेलेल्या माणसाला आधी खुर्ची शोधावी लागायची. खुर्ची एकच, आणि तिच्यापर्यंतची वाट पेट्यांमधून. लोखंडी पट्ट्या मारलेल्या पेट्या, फुलपाखरांच्या आकाराच्या बिजागऱ्यांची कपाटं, भिंतीवर माशांसारखी कुलुपं, फळ्यांवर हिरवट चिनीमातीचे टवके उडालेले वाडगे. वस्तरे बिचारे खिडकीत. माझं टोफूचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून. सोळा वर्षं मी हा पसारा वाढताना पाहिला आणि सोळा वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली.

"लग्न कर आता," मी म्हणायचे. "का बायकोला पेटीत ठेवणार आहेस?"

"पेटीत जागा नाही ताई. तिच्यात कुलुपं आहेत."

असा माणूस. बोलायला गोड, व्यवहारात शून्य. लढाईच्या हिवाळ्यात सतरा वर्षांचा पोरगा उत्तरेकडून, हामहंगहून, बोटीत बसून आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी. आई मागं राहिली. चार दिवसांत परत येतो म्हणून निघाला होता म्हणे, आणि मग मधे सीमा आली ती आलीच. एकदा मी चिडून विचारलं, की हे लोकांचं भंगार कशाला रे गोळा करतोस? तर म्हणाला, "माझ्या घरचा साधा चमचा नाही माझ्याजवळ. लोकांचे तरी असू देत." मग मी महिनाभर काही बोलले नाही. नंतर पुन्हा सुरू केलं, कारण त्याची एक पेटी माझ्या दारात आली होती.

ते दिवसच तसे होते. गावोगाव गवताची छपरं उतरत होती, पत्रे चढत होते, आणि जुनं ते सगळं लोकांना घाण वाटायला लागलं होतं. ज्याला त्याला स्टील हवं, प्लास्टिक हवं. मेंगचं फावलं. तो स्टीलच्या वाट्यांची चळत दुकानात ठेवायचा आणि काशाच्या वाटीला स्टीलच्या दोन द्यायचा. वस्तू मोठी असली तर हजामत जन्मभर फुकट. एका म्हाताऱ्याकडे पांढरा गोल रांजण होता, कोंबड्यांचे दाणे ठेवायला. म्हातारा तेव्हा ब्याऐंशीचा. मेंगला वाटलं, स्वस्तात पडला. म्हातारा पुढं अकरा वर्षं जगला आणि एक आठवडा चुकला नाही.

जुनी चिनी अक्षरं मात्र त्याला वाचता यायची नाहीत. शाळा कुठं झाली होती? मग एखादा शिकलेला म्हातारा दाढीला आला, की हा अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवायचा आणि जुन्या हस्ताक्षराची गुंडाळी समोर धरायचा. "एवढं वाचून दाखवा, मग दुसरा गाल." अर्धी दाढी घेऊन पळणार कुठं? वाचायचे बिचारे.

त्या वर्षी चुसोकच्या, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला दोन आठवडे असताना बुन-ये त्याच्याकडे आली. खालच्या आळीतल्या ओकसानवाली आजीची धाकटी सून. घरातलं एक झाकणाचं काशाचं भांडं तिनं कापडात गुंडाळून आणलं होतं. माणसाची भाताची वाटी असते तसलं, जाड, हातानं ठोकलेलं.

"कोळशाच्या विटांच्या धुरानं रोज काळं पडतं," ती म्हणाली. "कौलाची पूड घेऊन पेंढ्यानं घासा, पुन्हा काळं. बोटांची सालटी निघाली माझ्या. सासूबाई भाचीकडे गेल्यात. त्या यायच्या आत न्या एकदाचं."

मेंगनं स्टीलच्या चार वाट्या दिल्या. त्या दिवशी खुर्चीत अर्ध्या गालाचे एक मास्तर होतेच. त्यांनी वाटीच्या बुडाशी कोरलेलं वाचलं. "इन-ग्यु. नाव आहे कुणाचं तरी."

कुणाचं, ते मेंगनं विचारलं नाही. सोळा वर्षांत हजार वस्तू गेल्या त्याच्या हातातून, कारागिराचं नाव खोदून खोदून विचारायचा, पण जेवणाऱ्याचं नाव विचारायची अक्कल नाही आली. आणि मीही तिथंच होते, टोफू द्यायला आले होते. मलाही नाही सुचलं.

त्याला घाई होती. देगू शहरात कू नावाचा एक औषधवाला होता, त्याला ही वाटी घडवणाऱ्या कारागिराचीच आणखी एक वाटी जोड पुरी करायला हवी होती, आणि त्याच्याकडे हामहंगच्या कुणा जुन्या पंडिताच्या हातची एक गुंडाळी होती. मेंग तीन वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. सुट्टीच्या दिवशी वाटी घेऊन गेला आणि गुंडाळी घेऊन आला. आरशाच्या वर टांगली. मला हाक मारून नेलं.

"माझ्या गावच्या माणसाचा हात आहे हा, ताई. तिथल्या पाण्यात शाई घोटलेली."

मला काळ्या रेघोट्यांखेरीज काही दिसलं नाही. पण त्याचा चेहरा दिसला, म्हणून म्हटलं, छान आहे.

पाचव्या दिवशी बुन-ये माझ्या दारात रडत उभी. आजी परत आली होती आणि तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नव्हता.

वाटी आजीच्या थोरल्या मुलाची होती. इन-ग्यु. लढाईच्या पहिल्या वर्षी उत्तरेचे सैनिक माघारी जाताना त्याला बरोबर घेऊन गेले, आणि तेव्हापासून चोवीस वर्षं ओकसानवाली सकाळच्या भाताची पहिली पळी त्या वाटीत घालायची, झाकण लावायची, आणि चुलीकडच्या गरम जमिनीवर गोधडीखाली ठेवायची. घरचं माणूस परगावी असलं की आमच्याकडे करतातच तसं. वाटी घरात भरलेली असली की तो कुठंही असो, उपाशी राहत नाही. भात मग दारात येईल त्याला द्यायचा. पण चोवीस वर्षं कोण करतं? बुन-येला वाटलं होतं, भात महत्त्वाचा, वाटी कुठलीही चालेल. तिनं स्टीलच्या वाटीत घालून ठेवला. आजीनं गोधडी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

"म्हणतात, थोरला उपाशी आहे, माझ्या घशाखाली कसा उतरेल?" बुन-ये म्हणाली. "शहात्तर वय आहे हो ताई. मला काय माहीत, मी तर लग्न होऊन आले तेव्हा तो नव्हताच."

मी तिला तशीच भिंतीपलीकडे नेली. ऐकता ऐकता मेंगच्या हातातली कात्री थांबली. पण माणूस शेवटी माणूस. त्यानं आरशाच्या वर पाहिलं, आणि मग फळीवरून दुसरी वाटी काढली. तोच आकार, तेच झाकण, वजनही तेवढंच. "म्हातारीची नजर अधू आहे ना?" तो म्हणाला. मी काही बोलले नाही, हेही माझ्या नावावर लिहा.

आम्ही तिघं गेलो. आजी उठून बसली, वाटी मांडीवर घेतली, झाकणावर नखानं टिचकी मारली आणि कान लावला. मग परत मेंगच्या हातात दिली.

"ही दुसऱ्या कुणाच्या मुलाची आहे," ती म्हणाली. "त्याच्या आईला नेऊन दे."

परत आल्यावर मेंग तडक दुकानात शिरला, फळीवरच्या सगळ्या वाट्या खाली काढल्या आणि एकेक उलटी करून बूड बघत बसला. पंचवीस-तीस होत्या. वाचता येत नव्हतं तरी बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं तो देगूला निघाला. सणाला दोन दिवस, सगळ्या तालुक्याला केस कापायचे, आणि न्हाव्याचं दार बंद. लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या. त्याच्या काखेत गुंडाळी होती आणि पाठीवर तो पांढरा रांजण, गोधडीत बांधलेला, कारण कूची जोड आता पुरी झाली होती आणि पुरी झालेली जोड तो नुसत्या गुंडाळीवर मोडणार नव्हता, हे मेंगला ठाऊक होतं. झालंही तसंच. कूनं रांजण ठेवून घेतला, गुंडाळी ठेवून घेतली, आणि वर म्हणाला, "मेंग, एवढ्या दिवसांत एकदाच तुला चांगला सौदा करता आला होता, तोही बुडवलास."

दुपारी तो बसमधून उतरला तेव्हा वाटी छातीशी धरलेली. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी निघाले. उपाशी माणसाच्या घरी जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून गरम टोफू घेतला.

आजीनं टिचकी मारली. ऐकलं. पुन्हा मारली. मग उठली, भिंतीला धरून चुलीपाशी गेली, सणासाठी आणलेल्या नव्या तांदळाचा भात बुन-येनं केलाच होता, त्याची पहिली पळी वाटीत घातली, झाकण लावलं आणि गोधडीखाली सारली. त्या वाटीवर तिनं तळहात किती वेळ ठेवला होता, मला मोजता आलं नाही, मी डोळे पुसत होते.

"आता तुम्ही जेवा, आजी," मी म्हटलं.

"आधी थोरला." तिनं थोड्या वेळानं वाटी काढली आणि मेंगच्या पुढ्यात ठेवली. "आज दारात तू आलास. जेव."

मेंग मागं सरकला. "नाही आजी. हा तुमच्या मुलाचा आहे. माझ्यामुळंच तुम्ही..."

"बोली उत्तरेची आहे तुझी. गाव कुठलं?"

"हामहंग."

"आई?"

"तिथंच राहिली."

"मग तीही रोज वाटी भरत असेल."

मेंगनं मान हलवली फक्त.

"आणि तू तर इथं आहेस," आजी म्हणाली. "मग तुझा भात कोण खातं?"

चोवीस वर्षांत हा विचार मेंगच्या मनाला शिवला नव्हता, माझ्याही नाही.

"माझा इन-ग्यु खात असेल," ती म्हणाली. "त्याला कुणीतरी वाढायला हवंच ना तिकडे. तू मुकाट्यानं जेव."

तिनं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि चमचा त्याच्या हातात दिला. मेंग जेवला. खाली मान घालून, न थांबता, वाटीत एक शीत उरलं नाही इतका. आजी ते सगळं पाहत होती. त्यानं चमचा ठेवल्यावर ती बुन-येकडे वळली आणि म्हणाली, "मलाही वाढ गं. भूक लागली आहे."