लातुरात पुन्हा मशीन उघडली

मुलीची दहावी झाली आणि मेडिकल प्रवेशाच्या क्लाससाठी लातूरला जायचं ठरलं. हॉस्टेलचं जेवण तिला मानवलं नसतं, म्हणून तिच्यामागे मीही आले. नवरा नांदेडला शाळेत शिक्षक. तो तिथंच राहिला, शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचा आणि रविवारी परत जायचा.

टेम्पोत सामान भरताना त्यानं विचारलं होतं, "मशीन कशाला? दोन खोल्यांत ठेवणार कुठं?" मी म्हणाले, "राहू दे." नांदेडला त्या मशीनवर मी चौदा वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले होते. शिवता शिवता एक ब्लॉगही सुरू केला होता. बाही जोडायचा मुंढा कसा कापायचा, अस्तर आकसू नये म्हणून काय करायचं, बाही ओढली जात असेल तर चूक कुठं असते, असलं सगळं साध्या मराठीत लिहायची. वाचणाऱ्या फार नव्हत्या, पण विचारणाऱ्या होत्या. शेवटचं जे लिहिलं होतं ते एवढंच : घर बदलतेय, आठवड्याभरात भेटू.

त्या आठवड्याचे सात महिने झाले. मशीन खिडकीखाली चादर पांघरून उभी होती आणि तिच्यावर मुलीच्या टेस्ट सिरीजचे गठ्ठे चढत गेले. मला वेळ नव्हता असं नाही. मुलगी सकाळी सातला जायची ती अंधार पडता पडता यायची. मधला सगळा दिवस माझाच होता. पण डबा भरून झाला की मी गादीवर बसायची आणि बसूनच राहायची. गल्लीतल्या बहुतेक खोल्यांत माझ्यासारख्याच आया होत्या. भेटलो की एकमेकींना मार्क विचारायचो. दुसरं काही विचारायचं असतं हे विसरूनच गेलो होतो.

मुलीचे मार्क घसरत होते. रविवारच्या टेस्टनंतर ती जेवायची नाही. मीही "किती पडले?" असं विचारायचं सोडलं, तरी माझ्या तोंडावर ते दिसत असणार.

एक दिवस ती क्लासचा कुर्ता घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, सेफ्टीपिन दे ना. हा खांद्यावरून उतरतोय." मी पिन लावायला गेले. कापड चिमटीत धरलं तर दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं सैल निघालं. हा कुर्ता जूनमध्ये मीच मापाचा घेतला होता. रोज समोर बसून जेवणारी माझी पोर एवढी उतरली होती आणि ते मला कापडानं सांगितलं.

ती गेल्यावर मी गठ्ठे खाली ठेवले आणि चादर काढली. तेल सुकलं होतं, पट्टा सैल पडला होता. दुसरा एक कुर्ता उसवायला घेतला, पण हात चालेना. सरळ टीपसुद्धा वाकडी जायला लागली. दोनदा घातली, दोनदा उसवली.

आवाज ऐकून खालच्या घरमालकीण वर आल्या. साठी ओलांडलेल्या, एकट्या. मी त्यांना मावशी म्हणायची. पण सात महिन्यांत पाणी आणि लाइट यापलीकडे आमचं बोलणं झालं नव्हतं.

"काय करायलीस गं?"

"मुलीचा कुर्ता आवळतेय, मावशी. हाताची सवय मोडलीय माझ्या. जमेना."

त्या दाराशीच टेकल्या. मग म्हणाल्या, "सर जरा." मी उठले. त्यांनी पट्टा दोन बोटांनी दाबून बघितला, पायदान हलवलं, चाकाला हात दिला आणि एक लांब टीप घातली. माझ्यापेक्षा सरळ.

"तुम्हाला येतं शिवायला?"

"येत हुतं." आणि मग त्या बोलल्या.

त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेलं. त्या पहाटे नांदेडला आमच्या फळीवरची भांडी वाजली होती, मी शाळकरी होते. मला भूकंप तेवढाच ठाऊक. मावशींचा नवरा आणि सासू गेली. त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आल्या.

"कपडे लई आले," त्या म्हणाल्या. "टरकानं यायचे. पँटी, सुटरं, झगे. पर बायांच्या अंगाला यील असा बिलाउज एक न्हाई. बाया गड्यांचे सदरे घालून त्यावर लुगडी नेसायच्या. मग कुणीतरी एक मशीन आणून दिली. मला जरा जरा यायचं, म्हून माझ्याकडं ठिवली. मी झगे उसवले आन् बिलाउज शिवले."

"कसले झगे?"

"लग्नात घालतेत तसले. चमकीचे. आता घरात माणूस गेलेली बाई चमकी कशी घालल? म्हून मी कापड उलटं घेतलं. चमकी आत. ती आत टोचायची. सगळ्या म्हणायच्या, टोचतंय. पर कुणी काढला न्हाई."

मी पाणी दिलं. त्या अर्धा पेला प्यायल्या.

"नंतर का सोडलंत?"

"मशीन परत नेली त्येंनी. मग लातूरला आले भावाकडं. शिवावं असं वाटलंच न्हाई." एवढं बोलून त्यांनी कुर्त्याची दुसरी बाजूही आवळून दिली.

तीन-चार दिवस ते उलटं कापड डोक्यातून गेलं नाही. शेवटी खाली जाऊन विचारलं, "मावशी, हे मी लिहू का? माझा ब्लॉग आहे." ब्लॉग म्हणजे काय ते मोबाईलवर दाखवलं. त्यांनी मुंढ्याचं चित्र तेवढं निरखून बघितलं.

"लिही. पर माझं नाव घालू नको. गावाचंबी नको."

लिहायला बसले तर तेही कुर्त्यासारखंच झालं. पहिला परिच्छेद तीनदा पुसला. सात महिने कुठं होते याची माफी मागत बसले होते, ती काढून टाकली. जुना झगा उसवून ब्लाउजचं कापड कसं काढायचं आणि टोचणाऱ्या कापडाला आतून मऊ अस्तर कसं लावायचं, एवढं लिहिलं. मधे चार ओळींत मावशींची हकिकत. देगलूरच्या एका बाईनं विचारलं, "अस्तर सुती घ्यायचं की कसं?" मावशींच्या हकिकतीबद्दल कुणीच काही म्हणालं नाही. मला थोडं वाईट वाटलं, पण तिला उत्तर दिलं : सुतीच, आधी धुऊन घ्या.

त्या संध्याकाळी मुलीला समोर उभं करून मी टेपनं नीट माप घेतलं. छातीचं, कंबरेचं, खांद्याचं. ती म्हणाली, "एवढं काय मोजतेस?" मी म्हणाले, "बारीक झालीस." ती रडायलाच लागली. "मला जमत नाहीये, मम्मी." पहिल्यांदाच बोलली. मी टेप गळ्यात तशीच ठेवून तिला धरून बसले. शनिवारी तिचे वडील आले तेव्हा तिघं मिळून बोललो. एक टेस्ट सिरीज सोडायची, दुपारचं जेवण घरी येऊन करायचं, एवढंच ठरलं.

पुढं बारावीनंतर मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तिला हवे तेवढे मार्क पडले नाहीत. तिला आणखी एक वर्ष करायचं आहे आणि आम्ही हो म्हणालोय. म्हणजे मीही आणखी एक वर्ष इथंच. थकवा गेलेला नाही, सकाळी डबा भरल्यावर अजूनही मी गादीवर बसते. पण दहा वाजता उठते. गल्लीतल्या दोन-तीन आया कुर्ते आणि ब्लाउज आणून देतात, महिन्यातून दोनदा काहीतरी लिहून होतं. मावशी कधी कधी वर येतात. शिवत नाहीत, काजं करून देतात, आणि एखादं वाकडं झालं की स्वतःच उसवतात.